माळ्यावरची गिटार आणि कवठ्याचं तुणतुणं

नोकरी लागली, शिफ्ट सुरू झाली आणि कॉलेजातली गिटार माळ्यावर गेली. आता ती खाली काढताय? मग एखादा वीकेण्ड शिरूर-दौंडच्या रस्त्यालाही द्या. तिथल्या तारांकडे तुमच्या गिटारला सांगण्यासारखं बरंच आहे.

तुमच्या घरात ती नक्की असणार. तुमची नसेल तर भावाची, रूममेटची, नाहीतर नवऱ्याची. काळं रेक्झिनचं कव्हर, तुटलेली चेन, खिशात दोन पिक आणि कुठल्याशा गॅदरिंगच्या गाण्यांची पिवळी पडलेली झेरॉक्स. रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या पोरांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती बेडच्या बॉक्समध्ये सापडते. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कपाटावर. शिरूरच्या जुन्या घरात तर थेट माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाला खेटून.

‘रॉक ऑन’ २००८ साली आला तेव्हा जे एफवायला होते, ते आता पस्तिशीला आलेत. होम लोन आहे, पोरगं सीनियर केजीत आहे, आणि गिटारचा विषय निघाला की एकच उत्तर, ‘हो यार, वाजवायचो ना कॉलेजात!’ वाक्य कायम भूतकाळात.

यात फार वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. फेंडर ही गिटारच्या दुनियेतली बडी कंपनी. तिचाच काही वर्षांपूर्वीचा अंदाज असा, की नव्याने गिटार हातात घेणाऱ्या दहांपैकी नऊ जण वर्षभरात ती सोडून देतात. आणि गंमत बघा, त्याच फेंडरसाठी २०२० हे विक्रमी विक्रीचं वर्ष ठरलं. लॉकडाऊनमध्ये जग घरात अडकलं आणि लोकांना गिटार आठवली. आपल्याकडेही लॅपटॉप घेऊन गावी परतलेल्या आयटीवाल्यांनी माळे झाडले. महिनाभर बोटं सोलवटून घेतली, स्टेटसला व्हिडिओ टाकले. मग ऑफिस पुन्हा सुरू झालं आणि गिटार पुन्हा वर.

पहिल्यांदा सोडली तेव्हा वेळ नव्हता, मान्य. पण दुसऱ्यांदा का सोडली? माझ्या मते याचं उत्तर वेळेत नाही, गाण्यांच्या यादीत आहे. परत आलो आणि परत त्याच चार गाण्यांशी आलो. जी, ई मायनर, सी, डी. ‘पुरानी जीन्स’ झालं, ‘गारवा’ झालं, ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची सुरुवात झाली (शेवटपर्यंत कुणी जात नाही), आणि मग? विशीत या चार गाण्यांवर अख्खं हॉस्टेल गोळा व्हायचं. पस्तिशीत ऐकायला फक्त बायको असते, आणि तिने ती आधीच ऐकलेली असतात.

आधी तब्येत बघा

पण त्याआधी कामाचं. कव्हर काढल्या काढल्या तारा पिळायला जाऊ नका. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांचा मिळून ओढा साधारण ७० किलोंचा असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या पातळ लाकडाला रात्रंदिवस लटकलेला. ताणलेल्या अवस्थेतच गिटार वर टाकली असेल, तर इतक्या वर्षांत मान वाकलेली असू शकते. त्यात आपली हवा. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. उन्हाळा कोरडा ठणठणीत. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातूचे पडदे आकसत नाहीत, त्यामुळे त्यांची टोकं मानेच्या कडेने बाहेर येतात आणि हात फिरवला की खरचटतं. माळा पत्र्याखाली असेल तर एप्रिल-मेच्या तापाने आतलं चिकटवलेलं सांधकाम मऊ पडतं आणि तारांच्या ओढीने घोडी उचलली जाते. (ब्रिजला आपल्याकडे घोडी म्हणतात. घोडनदीकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको!)

तेव्हा एक साधा कागद घ्या आणि घोडीच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. आत गेला तर स्वतः फेविकॉल लावण्याचा पराक्रम करू नका, कारागिराकडे न्या. मग बाराव्या पडद्याशी तार किती उंच आहे ते पट्टीने मोजा. दोन-अडीच मिलिमीटर असेल तर उत्तम. चार-पाच असेल तर दोष तुमच्या बोटांचा नाही, मानेचा आहे. तारा नव्याच टाका, आणि पहिले काही महिने पातळ, एक्स्ट्रा लाइट सेट. बोटांचं कातडं दोन ते चार आठवड्यांत पुन्हा घट्ट होतं. हातांना बरंच काही आठवतं, सायकल चालवण्यासारखं. फक्त एफचा बार कॉर्ड तेव्हाही जमत नव्हता, आताही लगेच जमणार नाही.

तेच ते तुणतुणं!

मराठीत एखाद्याला गप्प करायचं तर आपण म्हणतो, ‘पुरे झालं तुझं तुणतुणं.’ तीच तीच गोष्ट, एकाच सुरात, कंटाळा येईपर्यंत. परत आलेल्या गिटारवाल्याची गत नेमकी अशीच होते. पण ज्या वाद्यावरून ही म्हण पडली, ते कधी नीट ऐकलंय?

शिरूर तालुक्यात कवठे येमाई नावाचं गाव आहे. तमाशाच्या जगात हे नाव मोठं. गंगाराम कवठेकर इथले. लावण्या आणि वगनाट्यं लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकरही इथलेच. राज्य सरकारचा २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. आता खरं सांगा, या पट्ट्यातून पुण्याला शिकायला आलेल्या किती जणांनी हॉस्टेलवर हे अभिमानाने सांगितलं असेल? ‘गाव कुठलं?’ ‘शिरूर.’ बस, तेवढंच. तमाशाचं नाव काढलं की समोरचा डोळा मारणार ही धास्ती. त्या काळात गिटार हा एक पासपोर्ट होता. ती खांद्याला लावली की गावाचं नाव कुणी विचारत नव्हतं. म्हणून तर ती घेतली होती, निम्म्या जणांनी. आणि म्हणूनच असेल, नोकरी लागून तो पासपोर्ट लागेनासा झाला, तशी ती माळ्यावर गेली.

तुणतुणं म्हणजे काय, तर एक पोकळ लाकडी नळकांडं. खालचं तोंड चामड्याने मढवलेलं, वरचं उघडं. नळकांड्याच्या अंगाला बाहेरून एक काठी ठोकलेली, काठीच्या डोक्याला खुंटी. चामड्याच्या मधोमध अडकवलेली तार नळकांड्यातून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. संपलं. पडदे नाहीत, कॉर्ड नाहीत, दुसरी तारच नाही. अमेरिकन बँजोसुद्धा लाकडी पाटाऐवजी ताणलेल्या कातड्यावरच बोलतो, म्हणून या दोघांचा आवाज असा टणक, कोरडा, लांबून ऐकू जाणारा. माइक नव्हता तेव्हा मैदानातल्या गर्दीत हाच आवाज कामाचा.

शाहिराच्या हातात डफ असतो आणि तुणतुणं मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्याच्या हातात. पोवाडा असो की गण-गौळण, पुढचा गडी सूर सोडून कुठेही उंडारू शकतो, गोष्ट सांगू शकतो, प्रेक्षकांना टोमणे मारू शकतो, कारण मागे एकच स्वर ठाम उभा आहे. परत यायला घर आहे. गोंधळ्यांच्या गोंधळातही संबळाच्या जोडीला तुणतुणंच. आजच्या ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅडच्या दणक्यात ते दिसत नाही, आणि दिसलं तरी बऱ्याचदा फोटोपुरतं.

हातात घेतलं की पहिली पाच मिनिटं हसू येतं. काय वाजवायचं यावर? सहाव्या मिनिटाला लक्षात येतं की तार किंचित उतरली आहे. खुंटी पिळा. आता किंचित चढली. चामडं हवेनुसार ढिलं-घट्ट होतं, त्यामुळे कानाने सतत पहारा द्यावा लागतो. शिवाय लय. एकच स्वर असल्यामुळे लपायला जागा नाही, टोला जरा मागेपुढे झाला की नागडा दिसतो. कॉलेजात तीन वर्षं गिटार वाजवूनही ट्यूनिंग कायम मोबाइलच्या अ‍ॅपवर सोडणाऱ्यांसाठी हा जबरदस्त क्लास आहे.

तुमच्या गिटारमधलं तुणतुणं

तुणतुणं विकत घ्यायलाच हवं असं नाही. गिटारलाच थोडं तुणतुण्याकडे नेता येतं. गिटारच्या नेहमीच्या तारा जाड्या बाजूकडून ई, ए, डी, जी, बी, ई. यातल्या तीनच उतरवायच्या. सहावी ई ची डी करा, दुसरी बी ची ए करा, पहिली ई ची डी करा. झालं डी-ए-डी-जी-ए-डी. इंग्लंडमधल्या डेव्ही ग्रॅहम नावाच्या गिटारवादकाने १९६० च्या दशकात हे ट्यूनिंग लोकप्रिय केलं. मोरोक्कोत ऐकलेल्या संगीताशी गिटार जुळवताना त्याला ते सुचलं, असं सांगतात. पण आपल्या कानाने बघा. डी ला सा माना, की काय होतं? सा-प-सा-म-प-सा. अर्धा तंबोराच की!

आता डाव्या हाताला सुट्टी. फक्त अंगठ्याने जाडी तार, मग मधली सा, सावकाश, एकसारखी. दोन मिनिटं. मग त्यावर गुणगुणा. काहीही चालेल, आजीची ओवी, गणपतीची आरती, सीरियलचं टायटल साँग. मग गुणगुणलेलं एकाच तारेवर, पडदे शोधत शोधत, वाजवून बघा. कॉर्ड पाठ करून वाजवलेलं गाणं आणि असं कानाने शोधलेलं गाणं यात फरक असतो. दुसऱ्याला तुमच्या हाताचा वास येतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, ही चार गाण्यांची यादी संपत नाही.

शेजारीपाजारी

एकदा कान उघडले की बाकीच्या तारवाद्यांची भीड चेपते. गिटारवाल्याला सगळ्यात सोपं यूकुलेले. चार नायलॉनच्या तारा, त्यांची लांबी फक्त १३ इंचांच्या आसपास, आणि गिटारच्या पाचव्या पडद्यावर कापो लावून खालच्या चार पातळ तारा वाजवल्या तर जे स्वर येतात तेच हिचे, फक्त चौथी तार एक सप्तक वर. म्हणजे बोटांचे आकार तुम्हाला आधीच येतात. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर जहाजाने हवाईला गेले, त्यांच्या छोट्या वाद्यातून ही जन्मली. पुणे-दौंड रोज अपडाउन करणाऱ्यांच्या सॅकमध्ये ती आरामात बसते. गर्दीच्या गाडीत वाजवा असं मी म्हणत नाही! पण स्टेशनवर उतरल्यावर गाडीची वाट बघण्यातच आयुष्य जाणाऱ्यांना फलाटाच्या टोकाचं बाकडं पुरतं. नाहीतरी रेल्वेच्या या गावाला गिटार परकी नाही. रेल्वे वसाहतीतल्या ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन घरांत ती इथल्या कॉलेजकट्ट्यांच्या कितीतरी आधी पोहोचली होती.

मेंडोलिन जरा कडक. आठ तारा, पण जोड्याजोड्यांनी, म्हणजे स्वर चारच, जी-डी-ए-ई. गिटारच्या वरच्या चार जाड्या तारांचा क्रम उलटा करा, झाली मेंडोलिन. १९५०-६० च्या दशकांतल्या हिंदी गाण्यांत हिची टुणटुण सतत ऐकू येते. संगीतकार सज्जाद हुसेन हे स्वतः अफाट मेंडोलिन वाजवायचे, आणि दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी तर तिच्यावर अख्खं कर्नाटक संगीत उभं केलं. आणि हो, ‘दिलवाले दुल्हनिया’त (१९९५) मोहरीच्या शेतात शाहरुखच्या हातात असते ती मेंडोलिन. आपण सगळे तिला गिटार म्हणत आलो.

बेंजोची गोष्ट तर धमाल. रवी जाधवच्या २०१६ च्या सिनेमामुळे ‘बँजो’ म्हटलं की रितेश देशमुख आठवतो. मिरवणुकीतलं आपलं ते वाद्य अमेरिकन बँजो नव्हेच. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानमध्ये. नागोयाच्या गोरो मोरिताने १९१२ मध्ये असं वाद्य बनवलं. तिथून ते हिंदुस्थानात आलं आणि इथल्या भजनी मंडळांत आणि गणपतीच्या मिरवणुकीत असं मिसळून गेलं की आता त्याला कुणी परकं म्हणणार नाही. परकी गिटारही इथे रुळली आहेच. तिला मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून स्टीलचा तुकडा घसरवत, ब्रिजभूषण काब्रांनी १९६७ मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’त राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. त्यांची मोहनवीणा म्हणजे मूळची गिटारच, जास्तीच्या तारा चढवलेली.

भीमेकाठचे भोपळे

शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता या दोन तालुक्यांना जोडतो. वाटेत भीमा ओलांडावी लागते. चौफुल्याला सोलापूर हायवे लागला की संगीतबारीच्या कला केंद्रांच्या पाट्या दिसतात. तिथला सूर पेटीचा आणि ठेका ढोलकी-तबल्याचा, तारेला तिथे फारशी जागा नाही. तार शोधायची तर भीमेच्या पाण्याबरोबर खाली जायचं.

दौंडच्या पुलाखालून वाहणारं हे पाणी उजनीच्या धरणात थांबतं आणि पुढे पंढरपुरात चंद्रभागा होतं. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या या भागात मोठाले भोपळे पिकतात. भाजीचे नव्हेत, तंबोऱ्याचे! वेलावर पूर्ण पिकू देऊन, वाळवून ते मिरजेला जातात. तिथल्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस सरले, तसे त्यांचे हात सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि मिरज हे वाद्यांचं गाव झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. देशभर नामवंत गवयांच्या मागे जे भोपळे झंकारतात, त्यातल्या कितीतरी भोपळ्यांनी भीमेचंच पाणी प्यायलंय.

आणि त्याच नदीकडे निघालेली वारी याच रस्त्याने जाते. तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यात यवत, वरवंड, पाटस अशी पुढे सरकते. प्रत्येक दिंडीत एक विणेकरी असतो. तंबोऱ्याच्या जातीची, पण छोटी, गळ्यात अडकवून चालता येईल अशी वीणा. दिंडीत त्याचा मान मोठा, आणि त्याचं वाजवणं म्हणजे पुन्हा तेच, मोकळ्या तारा, एकसारख्या छेडायच्या. बोटांची कसरत नाही, सोलो नाही.

यापेक्षा भारी प्रकार गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात बघायला मिळतो. काकडा, पारायण, हरिपाठ, कीर्तन, जागर हे सगळं आपण ऐकलेलं असतं. पण मंडपात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते, इकडे आपलं लक्ष जात नाही. दिवसा नाही, रात्री नाही, जेवणाच्या पंगती उठतात तेव्हाही नाही. त्यासाठी पहारे लावलेले असतात. तास-दोन तासांची वाटणी, कुणाचा पहारा किती वाजता याची यादी. वेळ झाली की पुढचा माणूस येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. मध्ये सूर तुटू द्यायचा नाही. पहाऱ्याला कुणी शेतकरी असतो, कुणी शिक्षक, कुणी किराणा दुकानदार. संगीत विशारद त्यात शोधूनही सापडायचा नाही. शिफ्टमुळे वाद्य सुटलं असं आपण म्हणतो, आणि इथे बघा, वाद्य सुटू नये म्हणून शिफ्ट लावलीय!

आपली गिटार वर्षानुवर्षं माळ्यावर, आणि आपल्याच गावात एक वीणा आठवडाभर जमिनीला टेकू देत नाहीत. हे मला कुठल्याही गिटार क्लासच्या जाहिरातीपेक्षा जास्त टोचलं.

ट्राय करायचंय? काही ठिकाणी पहाऱ्याला गळ्यात तुळशीची माळ लागते, काही ठिकाणी आंघोळ करून स्वच्छ कपड्यांत आलं की पुरतं, गावच्या रीतीप्रमाणे विचारून घ्यायचं. वीणा आधीच सुरात लावलेली असते. ती गळ्यात अडकवायची, बोटाने तारा एकामागून एक छेडायच्या, तोंडाने नाम. पहिला अर्धा तास सोपा जातो. मग खांदा भरून येतो, बोट हुळहुळतं, लय पळायला लागते आणि ती धरून ठेवावी लागते. दिवसाचे पहारे लवकर भरतात, संध्याकाळचे तर हमखास. रात्री दोन ते चारला माणूस शोधावा लागतो. रांजणगावहून सेकंड शिफ्ट करून बाराच्या पुढे घरी येणाऱ्यांना, आणि तशीही लगेच झोप न येणाऱ्यांना, ही वेळ बरी पडते. सप्ताहाचे फ्लेक्स रस्त्याला लागले की खाली संयोजकांचे नंबर असतात. फोन करायचा आणि यादीत नाव घालायचं.